गरम झाली की रुसणारी पिकअप: डिझेल इंजेक्शन पंपाच्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी

सकाळी थंड इंजिन पहिल्याच सेल्फला लागलं. पस्तीसेक किलोमीटर चालवली, माल उतरवायला दहा-बारा मिनिटं बंद केली आणि त्यानंतर सुरूच होईना. बॅटरी ठणठणीत, सेल्फ जोरात फिरतोय, पण सायलेन्सरमधून धुराचा धागाही नाही. सेल्फ मारताना पांढरट धूर आला तर समजायचं की डिझेल सिलिंडरमध्ये पोचतंय, फक्त पेटत नाहीये. धूरच नाही म्हणजे डिझेलच पोचत नाहीये. पाऊण तास बॉनेट उघडं ठेवून बसलो. मग काहीच झालं नसल्यासारखी सुरू झाली. डॅशबोर्डवर एकही दिवा पेटलेला नव्हता.

महिन्याभरातली ही तिसरी वेळ. आधीच्या दोन्ही वेळा ‘डिझेलच्या लाइनने हवा धरली असेल’ म्हणून फिल्टरवरचा हँड पंप दाबत बसलो होतो. दाबण्यात वेळ गेला, तेवढ्यात इंजिन थोडं निवलं आणि श्रेय हँड पंपाला मिळालं. आता वही केली आहे, जे दिसेल ते लिहायचं.

गाडीबद्दल: चार सिलिंडर, २.५ लिटर, टर्बो नाही. इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणारा पंप बॉशच्या व्हीई जातीचा, रोटरी, टायमिंग गिअरवर फिरणारा. कॉम्प्युटर नाही, सेन्सरचं जाळं नाही. पंपाला कामाची म्हणावी अशी एकच वायर जाते, स्टॉप सोलेनॉइडची, म्हणजे चावी बंद केली की डिझेल तोडणाऱ्या विजेच्या झडपेची.

१३ जानेवारी

पंप उतरवण्याआधी बाकी सगळ्यांची झडती. पंप हा शेवटचा संशयित असला पाहिजे, कारण तो सगळ्यात महाग, आणि उतरवून पुन्हा बसवणं सगळ्यात किचकट.

सोलेनॉइड: चावी फिरवली की ‘टक्’ वाजतं, १२ व्होल्ट पोचतात. गरम इंजिनावरही वाजतं. सुटला.

हवा: फिल्टर ते पंप या पाइपाच्या जागी पारदर्शक नळी लावली, रिटर्नलाही (जादा डिझेल टाकीत परत नेणाऱ्या पाइपाला) तशीच. इंजिन चालू असताना आत येणाऱ्या नळीत बुडबुडा नाही. रात्रभर ठेवून सकाळी पाहिलं, नळी भरलेलीच. म्हणजे डिझेल टाकीकडे उतरत नाही आणि सांध्यातून हवाही आत येत नाही.

फिल्टर: नवा टाकला. काहीही फरक नाही.

टाकीकडची लाइन: पाच लिटरच्या कॅनमध्ये स्वच्छ डिझेल घेतलं, कॅन बॉनेटवर पंपापेक्षा उंच ठेवला आणि नळी थेट पंपाला जोडली. टाकी, गाळणी, फिल्टर, सगळे बाजूला. कॅनवरच इंजिन चांगलं तापवलं, बंद केलं, दहा मिनिटांनी सेल्फ मारला. नाही लागलं. टाकीकडचं काहीही बिघडलेलं असतं तर आता लागायला हवं होतं.

१४ जानेवारी

ओल्या फडक्याचा प्रयोग. जुने मिस्त्री हा करायचे हे ऐकून होतो, स्वतः कधी केला नव्हता. इंजिन तापवून बंद केलं, सेल्फ मारून लागत नाही याची खात्री केली. मग ओलं फडकं पंपाच्या मागच्या भागावर, चार हाय प्रेशर पाइप जिथून निघतात त्या डोक्यावर गुंडाळलं. फडकं कोमट झालं की पुन्हा भिजवायचं. पाच मिनिटांनी सेल्फ मारला. अर्ध्या फेऱ्यात इंजिन लागलं!

(तापलेल्या पंपावर बादलीभर गार पाणी ओतायचं नाही. आतले भाग इतके घट्ट जुळवलेले असतात की एकदम आक्रसले तर पंप जाम होऊ शकतो. फडकंच बरं.)

यामागचं कारण असं. इन-लाइन (एका ओळीच्या) पंपात प्रत्येक सिलिंडरला डिझेल दाबणारा वेगळा दांडा, म्हणजे प्लंजर, असतो. व्हीईमध्ये चौघांना मिळून एकच. तो फिरतोही आणि पुढे-मागेही होतो, आणि पाळीपाळीने प्रत्येक पाइपाला डिझेल देतो. इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर प्लंजरचे मिनिटाला ६००० ठोके, सेकंदाला शंभर. त्याच्या आणि बाहेरच्या बॅरलच्या मध्ये फट असते दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. ही फट रबरी सीलने बंद केलेली नसते, नुसत्या जुळणीवर दाब धरला जातो. फट झिजून वाढली तरी थंड, दाट डिझेल कसंबसं दाबलं जातं. गरम, पातळ डिझेल मात्र नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी) उघडण्याआधीच बाजूने सटकतं. इंजिन चालू असताना प्लंजर इतका वेगात असतो की डिझेलला सटकायला उसंतच मिळत नाही. सेल्फवर, दोनशेच्या आसपास आरपीएमला, भरपूर मिळते. म्हणून चालती गाडी नीट चालते आणि गरम गाडी सुरू होत नाही. आणि प्लंजर एकच, म्हणून चारही सिलिंडर एकदम गप्प.

जाता जाता डिपस्टिक ओढली. तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर! वास घेतला, डिझेलचा. बोटांत चोळलं तर पाण्यासारखं पातळ. पंपाचं पुढचं शाफ्ट सील गेलंय आणि डिझेल गिअर केसमधून थेट ऑइल चेंबरमध्ये उतरतंय. गाडी जिथे आहे तिथे उभी केली. असल्या तेलावर बेअरिंग किती दिवस तगतील याचा प्रयोग मला करायचा नाही.

१८ जानेवारी

सुटीच्या दिवशी पंप उतरवला. सहा तास लागले, त्यातला एक तास निव्वळ धुण्यात गेला. डिझेल आणि ब्रश घेऊन पंप, पाइप, नोझलचे नट सगळं आधी धुतलं. मायक्रॉनच्या गोष्टी करायच्या आणि उघड्या पाइपात माती पडू द्यायची, याला अर्थ नाही.

पहिल्या सिलिंडरचा कॉम्प्रेशन टीडीसी (पिस्टन अगदी वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) लावला. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या) पुलीवरची खूण एकट्याने पुरत नाही, ती प्रत्येक फेऱ्यात येते. टॅपेट कव्हर काढून पाहिलं: पहिल्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह दाबणारे दोन्ही रॉकर सैल, चौथ्याचे दोन्ही दाबलेले. मग पंपाच्या फ्लँजवर आणि ब्रॅकेटवर मिळून एक बारीक रेघ मारली.

चारही हाय प्रेशर पाइप क्लॅम्पसकट एकत्र काढले. एकेक सुटा काढला की पुन्हा बसताना पीळ पडतो. उघड्या तोंडांवर प्लास्टिकच्या टोप्या. फडकं कोंबायचं नाही, त्याचे तंतू सुटतात.

पुढचं झाकण उघडलं, पंपाच्या गिअरचा नट काढला. त्याआधी क्रँक, मधला आणि पंपाचा, या तिन्ही गिअरच्या जुळलेल्या दातांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले. कारखान्याच्या खुणा असतात, पण मधल्या गिअरमुळे त्या दर फेऱ्याला समोरासमोर येत नाहीत, एकदा हलल्या की परत जुळायला कितीतरी फेरे मारावे लागतात. स्वतःचे ठिपके आत्ताच्या स्थितीचे असतात. मग दोन बोल्टांचा पुलर. शाफ्ट निमुळता असल्यामुळे ताण आल्यावर ‘टण्ण’ आवाज होऊन एकदम सुटतो. शाफ्टवर हातोडी मारायची नाही.

२० जानेवारी

पंप बेंचवर, म्हणजे पंप तपासून दुरुस्त करणाऱ्यांकडे, दिला. बेंचवाले काका पंप हातात घेतात ते मांजराचं पिल्लू घेतल्यासारखं. माझ्यासमोरच खोलला.

प्लंजरवर उभे ओरखडे. ते अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हता तो कॅम प्लेटवरचा (प्लंजरला पुढे-मागे ढकलणाऱ्या चकतीवरचा) गंज. तपकिरी ठिपके, नखाला लागतील असे खड्डे. काकांनी प्लेट उजेडाकडे धरून फिरवली आणि विचारलं, "पाणी कुठून येतंय रे?"

"फिल्टर बदलतो मी वेळेवर."

"फिल्टरचं नाही विचारलं. पाणी कुठून येतंय?"

मला उत्तर देता आलं नाही. या पंपात वंगणाचं वेगळं तेल नसतं, आतलं सगळं डिझेलवरच फिरतं. डिझेलबरोबर पाणी आलं की वंगणही गेलं आणि गंजही आला. नवं हेड आणि प्लंजर, नवी कॅम प्लेट, रोलर आणि सगळी सीलं टाकायची ठरली. जुनी सीलं नायट्राइल रबराची होती. कमी गंधकाच्या आजच्या डिझेलमध्ये सुगंधी हायड्रोकार्बनही कमी असतात, त्यामुळे जुन्या डिझेलात फुगून बसलेलं असलं रबर आक्रसतं आणि गळू लागतं. नवी सीलं व्हायटॉन रबराची घेतली.

आख्खा दुसरा पंप घेण्याचाही विचार होता. वापरलेला पंप घेणं म्हणजे दुसऱ्या कुणाची टाकी कशी होती यावर जुगार खेळणं, म्हणून नको म्हटलं.

"टाकी उतरवल्याशिवाय हा पंप बसवू नकोस," काकांनी निघताना सांगितलं. "नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा भेटू."

२५ जानेवारी

टाकी उतरवली. तळाचं डिझेल काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवलं होतं. सकाळी बरणीत तीन थर: वर पिवळसर डिझेल, तळाला पाणी, आणि मध्ये, बरोबर दोघांच्या सीमेवर, काळपट शेवाळासारखा पडदा. हे खरं शेवाळ नव्हे. पाण्यात राहून डिझेलवर जगणारे बुरशी-जिवाणू असतात, त्यांची ती वस्ती. बरणी हलवली की तो पडदा फाटत नाही, सायीसारखा डुलतो. उचलनळीच्या टोकाची गाळणी याच चिकट्याने निम्मी बुजलेली होती.

एकूण पाणी अर्ध्या लिटरच्या आसपास. ते आलं कुठून, हे शोधायला फार वेळ लागला नाही. टाकीच्या झाकणाचं रबर एका बाजूला तडकलेलं आहे आणि झाकण बसतं त्या खोलगट जागेचा निचरा होणारं भोक मातीने बुजलंय. गाडी धुतली की तिथे पाण्याचं तळं साचायचं आणि सावकाश आत मुरायचं. आणि हौसेने गाडी धुणारा मीच.

आता लिहायला नको वाटणारी गोष्ट. फिल्टरच्या तळाशी पाण्याचा सेन्सर असतो. वाटीत पाणी साचलं की आतला फ्लोट उचलला जातो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो दिवा दोन वर्षांपूर्वी सारखा लागायचा. मी एकदा-दोनदा पाणी काढलं, पुन्हा लागला, तेव्हा ‘सेन्सर खराब झालाय’ असं ठरवून कनेक्टर काढला आणि टेप गुंडाळून चेसिसला बांधून टाकला. तो टेप आज सापडला. माझ्याच हातचा, माझ्याच पद्धतीची गाठ. कनेक्टर पुसून लावला, चाचणीसाठी वाटीत पाणी ओतलं. दिवा लागला. सेन्सर तेव्हाही चांगलाच होता.

टाकी गरम पाणी आणि डिटर्जंटने तीनदा धुतली, उन्हात दोन दिवस वाळवली, शेवटी थोड्या स्वच्छ डिझेलने खंगाळली. झाकण नवं. निचऱ्याचं भोक तारेने मोकळं. लाइन हवेने उलट्या दिशेने फुंकली, त्यातूनही तोच काळा चिकटा निघाला.

१ फेब्रुवारी

पंप परत आला. काकांनी बेंचवर सेल्फच्या वेगाचं, स्लोचं (अॅक्सिलरेटर न देता इंजिन चालतं त्या वेगाचं) आणि पूर्ण वेगाचं डिझेल मोजून लावलंय. बसवायला घेतला.

बसवण्याआधी पंपात वरच्या भोकातून स्वच्छ डिझेल भरलं आणि शाफ्ट हाताने फिरवला, पहिले फेरे कोरडे जाऊ नयेत म्हणून. शाफ्टची अर्धचंद्राकृती चावी ग्रीसने चिकटवली होती, तरी पंप आत सरकवताना ती निसटून गिअर केसमध्ये पडली. चुंबकाच्या काडीने पाऊण तासाने सापडली. दुसऱ्यांदा केसच्या तोंडाशी फडकं लावून काम केलं, जे पहिल्यांदाच करायला हवं होतं.

ऑइल आणि ऑइल फिल्टर आजच बदलला, इंजिन सुरू करण्याआधी. जुनं तेल निघालं ते ओतताना खळखळलं.

२ फेब्रुवारी

टायमिंग. रेघेला रेघ जुळवून पंप आवळला तर गाडी सुरू होते आणि बरेच जण तिथेच थांबतात. पण ती रेघ जुन्या, झिजलेल्या आतड्यांची होती. आत नवे भाग आल्यावर डायल गेज (मिलिमीटरचे शतांश दाखवणारं काट्याचं मापयंत्र) लावल्याशिवाय पर्याय नाही.

चार पाइपांच्या मधोमध पंपाच्या डोक्यावर एक स्क्रू असतो. तो काढून तिथे अडॅप्टरसकट गेज बसवला, काटा दोन मिलिमीटर आत दाबून. त्याआधी कोल्ड स्टार्टचा मेणाचा घटक पाहायला हवा. थंड असताना तो आतली रोलर रिंग फिरवून टायमिंग पुढे ओढतो, आणि तसाच ठेवून मोजलं तर सगळे आकडे खोटे. त्याची लिव्हर मागे ओढून मध्ये पॅकिंगचा तुकडा अडकवला.

मग क्रँक उलटा फिरवत गेलो. काटा खाली उतरत उतरत एका जागी थांबतो. तो प्लंजरचा तळ. क्रँक थोडा इकडेतिकडे हलवून काटा खरंच स्थिर आहे ना हे पाहिलं आणि तिथे शून्य लावलं. आता सुलट्या दिशेने टीडीसीपर्यंत. माझ्या मॅन्युअलमध्ये या इंजिनाला १.०० मिमी दिलंय (दुसऱ्या इंजिनाचा आकडा वेगळा असतो, काहींना तर टीडीसीच्या आधीच्या अंशावर मोजायला सांगतात). माझा काटा ०.८२ वर. पंपाचे नट ढिले करून डोकं किंचित बाहेर ओढलं: १.०७. आत ढकललं: ०.९६. टीडीसीच्या पुढे गेलं तर चिमूटभर मागे घेऊन भागवायचं नाही. गिअरच्या दातांमधला खेळ आकडा फसवतो. पार तळापर्यंत मागे जायचं आणि पुन्हा सुलट यायचं. सातव्या खेपेला १.००. नट आवळले, पुन्हा मोजलं, ०.९९. राहू दे.

संध्याकाळी हवा काढली. फिल्टरवरचा हँड पंप, ब्लीड स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत. मग चारही नोझलचे नट अर्धा फेरा ढिले करून सेल्फ, एका वेळी दहा सेकंद, मध्ये विश्रांती. चौथ्या वेळी नटांतून डिझेल ठिबकलं, आवळले. (असं नट ढिलं करून पाहणं जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीलाच, तेही सेल्फवर. नव्या डिझेल गाड्यांच्या कॉमन रेलमध्ये दाब हजार-दोन हजार बारपर्यंत असतो, तिथे चालू इंजिनावर हात लावायचा नाही. गळती शोधायलाही बोट नव्हे, पुठ्ठा वापरायचा. हाय प्रेशरची बारीक धार कातडीतून आत शिरते आणि ती जखम दिसते त्यापेक्षा फार वाईट असते.)

इंजिन लागलं. खडखडलं, पांढरा धूर ओकला, स्लोवर आलं. आनंद मिनिटभर टिकला. अॅक्सिलरेटर दिला तर १८०० च्या वर जायलाच तयार नाही.

३ फेब्रुवारी

टायमिंग पुन्हा मोजलं. तेच. दोन तास वाया. अॅक्सिलरेटर केबल पूर्ण ओढली जाते. फिल्टर साफ. शेवटी काकांना फोन केला.

"रिटर्नला डिझेल किती येतंय?"

"जेमतेम, अगदी बारीक धार."

"एवढं कमी यायला नको. बोल्ट बघ."

पंपाला येणाऱ्या आणि परत जाणाऱ्या पाइपांचे दोन बेंजो बोल्ट, म्हणजे डिझेल जायला आतून पोकळ असलेले. आटे एकच, लांबी एकच, डोकं एकच. फरक एवढाच की रिटर्नच्या बोल्टच्या डोक्यावर ‘आउट’ कोरलेलं असतं आणि त्याच्या पोटातलं भोक सुई जेमतेम शिरेल एवढंच असतं. मी दोन्ही बोल्ट धुवून एकाच वाटीत ठेवले होते. बाकीचं तुम्ही ओळखलं असेलच.

त्या बारीक भोकाचं काम मोठं आहे. पंपाच्या आत एक छोटा पात्यांचा पंप असतो, तो गरजेपेक्षा जास्त डिझेल ओढतो. उरलेलं या बारीक भोकातून परत जातं, आणि त्या अडवणुकीमुळेच पंपाच्या पोटात दाब तयार होतो. तोच दाब प्लंजरला भरतो आणि वेग वाढेल तसं टायमिंग पुढे सरकवतो. माझ्या जोडणीत पंप सुईच्या भोकातून प्यायचा प्रयत्न करत होता आणि प्यायलेलं उघड्या तोंडाने परत सोडत होता. बोल्ट अदलाबदल केले, तांब्याचे वॉशर नवे टाकले. इंजिन एका दमात लाल रेषेपर्यंत.

१६ फेब्रुवारी

६४० किलोमीटर झाले. गरम इंजिन बंद करून मुद्दाम पाच, दहा, वीस मिनिटांनी सुरू केलं, प्रत्येक वेळी लागलं. डिपस्टिक जागेवर, तेलाला डिझेलचा वास नाही. मागच्या दोन नोझल पाइपांच्या नटांना किंचित ओल होती, पाव फेरा आवळल्यावर थांबली. स्लो थोडी जास्त वाटत होती, स्क्रूने उतरवली.

फिल्टरची वाटी काढून बरणीत ओतली, पाणी नाही. चावी फिरवली की पाण्याचा दिवा दोन सेकंद लागतो आणि विझतो. इतकी वर्षं विसरलो होतो, त्याचा रंग पिवळा आहे.